डॉक्टरांपाशी बोलायची गोष्ट



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्यांना तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं आहे. बाजारपेठेतला त्यांचा दवाखाना, बाहेरचा लाकडी बाक, आत लोखंडी कपाट आणि तपासणीची एक खाट. मानसोपचार शिकत असताना सुट्टीत मी त्या दवाखान्यात जाऊन बसायचो. औषध लिहून झालं की ते पेन खाली ठेवायचे आणि विचारायचे, ‘बाकी घरी कसं काय?’ उठायला निघालेला पेशंट पुन्हा टेकायचा आणि कितीदा तरी खरी तक्रार त्यानंतरच बाहेर यायची. आज मी ज्यावर बोलणार आहे, ते त्या प्रश्नाच्या जरा पुढचं आहे. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर ते डॉक्टरांना सांगणं, आणि डॉक्टरांनी ते विचारणं.

विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या मंडळातून फोन आला होता. पत्रिकेवर ‘आत्महत्या’ हा शब्द छापायचा की ‘मानसिक आरोग्य’ एवढंच लिहायचं, असं विचारत होते. मी म्हटलं, तोच शब्द छापा. त्यांनी छापला, याबद्दल मी मंडळाचा मनापासून आभारी आहे. पत्रिका वाचून आज इथे कुणीतरी मुद्दाम आलेलं असणार. या सभागृहातल्या काहींच्या मनात गेल्या वर्षभरात हा विचार येऊन गेलेला असणार. हे मी अंदाजपंचे सांगत नाही, त्यामागची आकडेवारी पुढे येईल. माझं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्यांसाठी.

आकडे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली, म्हणजे आपल्या राज्यात दिवसाला साठाहून जास्त. इतर कुठल्याही राज्यापेक्षा ही संख्या मोठी आहे. देशभरातल्या शंभरांत सुमारे बहात्तर पुरुष होते. शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० होते. शंभरातले सव्वीस जण रोजंदारीवर काम करणारे होते, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. कारणांच्या रकान्यात कौटुंबिक अडचणी सगळ्यांत वर आणि त्याखाली आजारपण. या रकान्यांवर मात्र फार विसंबू नये. पोलिसांच्या कागदावर एकच कारण लिहिता येतं. माणसाच्या आयुष्यात कर्ज, दारू, पाठदुखी, भावकीतला वाद आणि कुणालाही न सांगितलेलं नैराश्य एकाच वेळी नांदत असतं.

आता मुद्द्याकडे येतो. असा विचार ज्याच्या मनात घोळतो आहे, तो माणूस जातो कुठे? मानसोपचारतज्ज्ञाकडे क्वचित. आपल्या देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, तालुक्याच्या गावात तर नाहीच. तो जातो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात. मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या चाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे पंचेचाळीस टक्के माणसं शेवटच्या महिन्यात आपल्या साध्या, नेहमीच्या डॉक्टरांना भेटून आली होती. मानसोपचाराच्या दवाखान्यात गेलेली त्याच्या निम्मीही नव्हती. म्हणजे डॉक्टर आणि तो माणूस समोरासमोर बसले होते. बोलणं झालं, ते बहुधा पोटाचं, झोपेचं, डोकेदुखीचं.

आपल्याकडेही तेच होतं. ‘डॉक्टर, झोप लागत नाही.’ ‘छातीत धडधडतं.’ ‘अन्न जात नाही.’ ‘अंगात त्राणच नाही.’ या तक्रारी खोट्या नसतात. नैराश्य शरीरातूनच बोलतं. पहाटे तीनला झोप मोडणं, वजन उतरणं, चव जाणं, पाय जड होणं ही त्याची अगदी नेहमीची लक्षणं आहेत. पण त्यावर झोपेची गोळी, गॅसची गोळी, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं जातं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली जाते. बाहेर बाकावर तीस माणसं बसलेली असताना डॉक्टरांनी काय करावं, हा प्रश्न मला मान्य आहे. तरीसुद्धा मी म्हणतो की विचारायला हवं.

डॉक्टर विचारत नाहीत, याला वेळेपेक्षा मोठं कारण भीती आहे. मनात नसलेलं आपणच घालू की काय, ही ती भीती. ही शंका चांगल्या, संवेदनशील डॉक्टरांनाही असते. घरच्यांना तर असतेच. तिचं उत्तर मात्र मिळालेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात मॅडेलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायस्कुलातल्या २,३४२ मुलांचा अभ्यास करून तो २००५ साली प्रसिद्ध केला. निम्म्या मुलांच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांविषयी थेट प्रश्न होते, निम्म्यांच्या नव्हते. ज्यांना विचारलं त्यांची अस्वस्थता वाढली नाही, विचारही वाढले नाहीत. जी मुलं आधीच निराश होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केलेला होता, ती विचारल्यावर उलट थोडी कमी अस्वस्थ दिसली. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही हेच निघालं. सरळ, आपुलकीने विचारलेल्या प्रश्नाने कुणी आत्महत्येकडे वळत नाही.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक भेट सांगतो. चाळिशीतले गृहस्थ, दोन एकर बागायत, जोडीला सोसायटीचं काम. पोटाच्या तक्रारीसाठी बरेच दवाखाने हिंडून आलेले. फायलीत एंडोस्कोपीचा रिपोर्ट, ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. सोबत मेहुणे होते आणि सगळं तेच सांगत होते. ‘यांना गॅसेस होतात, जेवण जात नाही, टेन्शन फार घेतात.’ गृहस्थ पिशवीच्या बंदाशी चाळा करत खाली बघत बसले होते. मी मेहुण्यांना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बसा, मी तपासून घेतो. रक्तदाब घेतला. दंडाचा पट्टा सोडता सोडता विचारलं,

‘झोप किती वाजता मोडते?’

‘तीनला.’

‘मग काय करता?’

‘ओट्यावर जाऊन बसतो.’

‘तिथं बसून मनात काय येतं?’

‘काय नाय. हेच, देणंघेणं.’

‘दादा, जीव नको झालाय, स्वतःला संपवून टाकावं, असं कधी मनात येतं का?’

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. ‘रोज येतं,’ म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, ‘तुम्हाला कसं कळलं?’

मला कळलेलं नव्हतं, मी फक्त विचारलं होतं. पुढची पंधरा-वीस मिनिटं ते बोलत होते. मग त्यांच्या परवानगीने मेहुण्यांना आत घेतलं. ते ऐकून मेहुणे एवढंच म्हणाले, ‘दाजी, एवढं होतं तर मला बोलायचं ना.’ त्याच संध्याकाळी घरातली फवारणीची औषधं मेहुण्यांनी आपल्या गोदामात नेऊन कुलूप घातलं. दोन दिवसांनी त्या गृहस्थांची पत्नी भेटायला आली. उपचार सुरू झाले. महिन्याभराने ते पहाटे पाचपर्यंत झोपू लागले होते. कर्ज होतं तेवढंच होतं. पण आता ते बँकेत जाऊन मॅनेजरशी बोलून आले होते, आणि आधी त्यांच्याने ते होत नव्हतं.

असा प्रश्न विचारायची एक पद्धत आहे. इथे डॉक्टर मंडळी बसली आहेत आणि घरच्यांनाही ती उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कडेकडेने सुरुवात करावी. जगण्याचा कंटाळा आलाय का? सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं वाटतं का? ‘हो’ आलं की थांबू नये. जीव द्यावा असा विचार येतो का? किती वेळा येतो, किती वेळ राहतो? काही ठरवलं आहे का? तसं काही घरात, हाताशी आहे का? पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का? आज, उद्या, या आठवड्यात काही होईल अशी भीती तुम्हाला स्वतःला वाटते का? या उत्तरांवरून धोका किती जवळ आहे ते कळतं. नुसता अधूनमधून येणारा विचार आणि ठरलेला बेत यांत खूप अंतर असतं, आणि दोन्हींना एकच औषध नसतं.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: ‘आजवर कशामुळे थांबलात?’ माणसं यावर लगेच उत्तर देतात. धाकटीची दहावी आहे. आई माझ्याच हातचं खाते. मी गेलो तर बैलांना वैरण कोण टाकणार? आत्महत्येचा विचार करणाऱ्या माणसाला नुसतं मरायचं असतं, असं आपण धरून चालतो. समोर बसलेला माणूस जवळजवळ नेहमीच दोन्हींच्या मध्ये अडकलेला असतो. त्याला यातना संपवायच्या असतात, जगायचंही असतं. दवाखान्यात तो आला याचा अर्थच जगणाऱ्या बाजूने त्याला आणलं आहे. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे अनेक देशांतल्या दीर्घ पाहणीतून दिसलं आहे. तो टोकाचा क्षण सरतो. तो सरेपर्यंत माणसाला सांभाळणं, हेच काम असतं.

आता दुसरी बाजू. माणूस स्वतःहून का सांगत नाही? मला रोज ज्या भीती ऐकायला मिळतात, त्या एकेक करून घेतो.

पहिली भीती पोलिसांची. ‘डॉक्टरांना सांगितलं तर केस होईल.’ नुसता विचार मनात येणं किंवा तो सांगणं हा आपल्या कायद्यात कधीही गुन्हा नव्हता. गुन्हा होता तो प्रयत्नाचा, भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली. त्या कलमाला मोठा धक्का दिला तो आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने. मारुती श्रीपती दुबळ हे मुंबई पोलीस दलातले शिपाई. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागला आणि त्यानंतर त्यांना मानसिक आजार जडला. १९८५ साली महापालिकेच्या कार्यालयाबाहेर त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यांना वाचवण्यात आलं आणि मग त्यांच्यावरच खटला भरण्यात आला. ज्याला डॉक्टरची गरज होती त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, हा प्रकार न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने मान्य केला नाही. १९८६ मध्ये त्यांनी ते कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय दिला, १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला, आणि कलम पुन्हा जिवंत झालं. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ उरलेलंच नाही. सरकारी नोकराच्या कामात आडकाठी आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं एक वेगळं कलम तेवढं आहे. प्रयत्न करून कुणी रुग्णालयात आलं तर आजही पोलिसांना कळवलं जातं, कागद होतो. पण ‘मला असे विचार येतात’ असं सांगणाऱ्या माणसाच्या वाटेत कुठलाही कायदा उभा नाही.

दुसरी भीती घरच्यांची. ‘सासरी कळेल.’ ‘मुलीचं लग्न जमायचंय.’ ही भीती फार खरी आहे, आणि आमच्या दवाखान्यांची रचना ती वाढवते. एकाच खोलीत दोन पेशंट, दार उघडं, कंपाउंडर येता-जाता ऐकतोय, सासू सुनेच्या वतीने उत्तरं देतेय. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं २३ वं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. जिवाला धोका असेल तर डॉक्टर जवळच्या माणसाला सांगू शकतात, आणि सांगायलाच हवं. पण तेव्हाही कुणाला आणि किती सांगायचं हे तुमच्याशी बोलून ठरवता येतं. बायकोला नको, मोठ्या भावाला सांगा, असं तुम्ही म्हणू शकता. ‘मला तुमच्याशी एकट्याने बोलायचंय’ हे वाक्य म्हणायचा अधिकार प्रत्येक पेशंटला आहे, सुनेलाही आणि पंधरा वर्षांच्या मुलालाही.

तिसरी भीती ‘येरवड्याला टाकतील’ ही. पुण्याचं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांच्या नावांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना धाक घातला गेला. वस्तुस्थिती अशी की आत्महत्येचे विचार सांगणाऱ्या बहुतेकांना भरती करावंच लागत नाही. घरी राहून, सोबत कुणीतरी ठेवून, दर आठवड्याला भेटून उपचार होतात. धोका अगदी जवळ असेल तेव्हा काही दिवस रुग्णालयात ठेवणं हिताचं असतं, आणि त्यालाही कायद्याने अटी, तपासण्या आणि दाद मागण्यासाठी मंडळ घालून दिलं आहे.

औषधांबद्दलही बोललं पाहिजे. नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी न सांगितल्यामुळे कित्येक जण आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात. तरुण मुलामुलींना सुरुवातीच्या दिवसांत कधीकधी बेचैनी वाढते. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. गोळ्या एकदम महिना-दोन महिन्यांच्या न देता थोड्या थोड्या द्याव्यात आणि त्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती असाव्यात. बरं वाटायला लागल्यावर मनाने बंद करू नयेत.

गोळीइतकीच पुढची भेटही महत्त्वाची असते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेली १,८६७ माणसं. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांशी तासभर बसून नीट बोलणं झालं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन चौकशी केली. दीड वर्षाने पाहिलं तर नेहमीच्या उपचारांतल्या गटात हजारी बावीस जणांनी आत्महत्या केलेली होती, दुसऱ्या गटात हजारी दोन. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. काय केलं त्या लोकांनी? विचारपूस केली, आणि करत राहिले. आपल्या आशाताईंना, परिचारिकांना, दवाखान्यातल्या मदतनिसांना हे काम येत नाही असं कुणी म्हणू नये. लसीकरणाचं राहिलेलं बाळ कुठल्या वस्तीवर आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आता बहात्तर टक्क्यांकडे, म्हणजे पुरुषांकडे वळतो. बाल्टिक समुद्रात स्वीडनचं गोटलंड नावाचं बेट आहे. १९८३-८४ मध्ये तिथल्या सगळ्या साध्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायचं आणि त्यावर उपचार करायचं प्रशिक्षण दिलं गेलं. वोल्फगांग रुट्झ यांच्या पुढाकाराने झालेला हा उपक्रम मानसोपचाराच्या इतिहासात गाजला, कारण बेटावरच्या आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. काही वर्षांत प्रशिक्षण घेतलेले बरेच डॉक्टर बेट सोडून गेले, आकडा पुन्हा चढला. त्यातून असं कळलं की हे शिक्षण एकदा देऊन भागत नाही. दुसरी गोष्ट आपण जास्त मनावर घ्यायला हवी. घट झाली ती जवळजवळ सगळी बायकांमध्ये. पुरुषांच्या आत्महत्यांत फारसा फरक पडला नाही, कारण पुरुष त्या डॉक्टरांकडे गेलेच नव्हते, किंवा गेले तरी बोलले नव्हते.

मला यात आपलं गाव दिसतं. बाईमाणूस निदान रडते, बहिणीपाशी बोलते, गुडघे दुखतात म्हणून का होईना दवाखान्यात येते. पुरुष पारावर बसतो, राजकारणावर बोलतो, पावसावर बोलतो आणि रात्री एकटा पितो. ‘गड्याने रडायचं नसतं’ हे आपण पाच वर्षांच्या पोराला सांगतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तो काही बोलला नाही म्हणून हळहळतो. ही शिकवण माणसं मारते, आणि ती आपण आपल्या घरातून काढून टाकली पाहिजे.

बदल होतो, आणि तो आपल्याच मातीत झालेला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता आणि डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली मांडले. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी गावसभा घेतल्या, घरोघर जाऊन बोलले, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणांनी कुठली मदत घेतलेली होती. दीड वर्षाने सत्तावीस जणांनी घेतली. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार आला होता असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. सुरुवातीला म्हटलं होतं ती आकडेवारी हीच. विदर्भातल्या त्या गावांमध्ये वीस माणसांमागे एकाच्या मनात वर्षभरात हा विचार येऊन गेलेला होता. या घटीचं सगळं श्रेय उपक्रमाला देणं शास्त्राला धरून होणार नाही. पण बोलायला जागा मिळाली की आपली माणसं बोलतात, ती मुळात अबोल नाहीत, एवढं त्यातून पक्कं समजतं.

काही डॉक्टर ऐकून घेत नाहीत, हेही इथे बोलायला हवं. ‘असे विचार करायचे नसतात’, ‘देवाचं नाव घ्या’, ‘तुम्हाला काय कमी आहे?’ अशी उत्तरं मिळाल्याचं मला अनेकांनी सांगितलं आहे. धीर गोळा करून आलेल्या माणसाला हे ऐकून पुन्हा तोंड उघडावंसं वाटत नाही. यात डॉक्टरांच्या शिक्षणाचा दोष मोठा आहे. एमबीबीएसच्या वर्षांत मानसोपचाराच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे येतात. तुमच्या बाबतीत असं झालं तर दोष तुमच्या सांगण्याचा नव्हता, एवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि पुन्हा सांगा.

सांगायचं कसं, हे खूप जण विचारतात. सुरुवातीलाच सांगा. केसपेपर हातात घेऊन उठताना ‘आणखी एक...’ म्हणून सांगितलं तर डॉक्टरांचं लक्ष पुढच्या माणसाकडे गेलेलं असतं. शब्द साधे वापरा: ‘डॉक्टर, मला जगावंसं वाटत नाही आणि जीव द्यायचे विचार येतात.’ हे तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवा. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक छापील प्रश्नावली जगभर वापरतात, ती मराठीतही आहे. तिचा नववा प्रश्न नेमका हाच आहे. त्यावर खूण केली तरी बोलणं सुरू होतं. विश्वासातलं माणूस सोबत न्या. दारू चालू असेल, अंगावर कर्ज असेल, बाळंतपणानंतर मन लागत नसेल, घरात मारहाण होत असेल, तर तेही सांगा, कारण उपचार त्यावर ठरतात.

इथे बसलेल्या माझ्या डॉक्टर मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे. कारण न सापडणारी दुखणी घेऊन पुन्हा पुन्हा येणारा पेशंट, नुकतीच बाळंत झालेली मुलगी, दीर्घ आजाराला कंटाळलेले आजोबा, निकालानंतर गप्प झालेलं पोर, दारू वाढलेला माणूस, एवढ्यांना तरी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवून हा प्रश्न विचाराच. ‘हो’ असं उत्तर आलं तर एकट्याला घरी पाठवू नका, आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच्यासमोर लिहा.

आणि ज्यांच्यासाठी मी आज आलो, त्यांना सांगतो. व्याख्यान संपल्यावर मी आणि माझे सहकारी शेजारच्या वाचनालयाच्या खोलीत थांबणार आहोत. दार लावलेलं असेल, एका वेळी एकच जण आत येईल, नाव विचारलं जाणार नाही. आज जमलं नाही तर उद्या सकाळी आपल्या डॉक्टरांकडे जा. रात्री अवघड वाटलं तर एकटे राहू नका, घरातल्या कुणालातरी उठवा आणि ‘टेली मानस’ला फोन लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. तो रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.